उशाखालची कात्री

मी एक जुनी कात्री आहे. मूठ काळवंडली आहे, पण धार अजून शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, माझी गोष्ट ऐका आणि जमलं तर मलाही समजावून सांगा, कारण मला स्वतःला ती नीटशी उमगलेली नाही.

लोहाराने मला घडवलं आणि एका शिंप्याने, म्हणजे आमच्या मास्तरांनी, विकत घेतलं. आम्ही दोघांनी मिळून कोट, झगे, शाळेचे गणवेश, काय काय बेतलं! गिऱ्हाइकं मास्तरांचं कौतुक करत आणि मास्तर माझं. पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. तिथे गंजाशिवाय माझी विचारपूस करायला कोणी नव्हतं.

मग वस्तीतल्या लोकांनी एका रिकाम्या गॅरेजात पिशव्या शिवण्याचं काम सुरू केलं, तेही ज्यांना राहायला घर नाही अशा माणसांसाठी. मास्तर तिथे शिकवायला गेले आणि मला सोबत घेऊन गेले. त्यांनी मला ज्या बाईच्या हाती दिलं, ती बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर झोपायची. सगळे तिला ताई म्हणत. तिचा हात माझ्यावर असा बसला, की मला अगदी धन्य वाटलं.

संध्याकाळी मात्र घोटाळा झाला. सगळ्यांनी आपापल्या कात्र्या भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवल्या. ताईने मला फडक्यात गुंडाळलं आणि पायरीवर नेऊन उशाखाली ठेवलं. सकाळी सगळ्यांच्या आधी मी पुन्हा कामावर हजर! रोज हेच. माझं डोकं चक्रावून गेलं. मी चोरीला जात होते का? पण चोरीचा माल कधी वेळेवर कामाला येतो का?

एक दिवस देखरेखीच्या मॅडम लवकर आल्या. रिकामा खिळा पाहून त्यांचा पारा चढला. ताईने आल्या आल्या मला फडक्यातून काढलं, तशा त्या म्हणाल्या, "सामान बाहेर न्यायचं नाही, सांगितलं होतं ना? उद्यापासून येऊ नकोस."

ताई गोंधळली. "पण मॅडम, इथे रात्री कोणीच नसतं. मग हिला राखणार कोण?"

"राखायचं कशाला? दाराला कुलूप आहे."

"माझी चादर गेली, चपला गेल्या. जरा नजर हलली की वस्तू गेलीच समजा. ही गेली असती, तर माझं कामही गेलं असतं की!"

इतक्यात आलेल्या मास्तरांनी हे ऐकलं आणि कपाटातला एक खण रिकामा केला. "हा खण तुझा, ताई. किल्ली तुझ्याकडेच राहील. काय मॅडम?"

"राहू दे तिच्याकडेच," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि उद्या ये गं."

त्या संध्याकाळी ताईने मला खणात ठेवलं, कुलूप लावलं, गेली, परत आली आणि कुलूप ओढून पाहिलं. आत मीही घाबरलेच होते. सकाळी किल्ली फिरली. "आहेस!" ती म्हणाली आणि चक्क हसली.

मित्रांनो, आम्हा अवजारांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि कोणाला काम द्याल, तेव्हा त्याची वस्तू ठेवायला एक जागाही द्या.

त्या दिवशी काम संपल्यावर तिने माझ्याशेजारी रात्रंदिवस सोबत वागवलेली आपल्या कपड्यांची पिशवी ठेवली आणि खण बंद केला. दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मोकळे हात कुठे ठेवावेत, तेच तिला कळेना.