न धुतलेली कड

बाल्बिनाचं लग्न ईस्टरनंतरच्या चौथ्या रविवारी ठरलं होतं, आणि ठरवलं होतं तिच्या धाकट्या भावाने. एकेचाळीस वर्षांच्या बाईचं लग्न धाकट्या भावाने ठरवावं हे जरा अतिच झालं, पण सेल्सोच्या तोंडी कोण लागणार? नवरदेव एवारिस्तो. डोंगरउतारावर त्याची सफरचंदांची बाग, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, वय पन्नाशी ओलांडलेलं. रोज संध्याकाळी सेल्सोच्या गुत्त्यावर येऊन कोपऱ्यात उभा राही, आपल्या वाट्याची सिद्रा पिई आणि कुणाबद्दल वाकडा शब्द न बोलता घरी जाई. अशा माणसाला नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. बाल्बिनापाशी ते नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली होती.

गुत्ता त्यांच्या बापाच्या वेळचा. मागे पिंपं, पुढे भुसा पसरलेली फरशी, आणि सिद्रा ओतायचं काम बाल्बिनाकडे. सफरचंदांची ही आंबट दारू बाटलीतून नुसती पेल्यात रिकामी केली तर पचपचीत लागते. बाटली डोक्याच्या वर धरायची, पेला मांडीपाशी, आणि धार नेमकी पेल्याच्या आतल्या कडेवर फुटली पाहिजे. ओतायची दोन-तीन घोटांपुरतीच, आणि फेस बसायच्या आत प्यायची. पेला सगळ्यांत मिळून एक. पिणाऱ्याने तळाशी घोटभर राखायची आणि जिथे आपले ओठ लागले त्याच कडेवरून ती भुशात फेकायची. कड धुतली जाते, पेला पुढच्याकडे जातो. आमच्याकडे पोरं चपलेचे बंद बांधायच्या आधी हे शिकतात. पंचवीस वर्षं बाल्बिनाची नजर त्या कडेवर होती. कुणी आळसाने भलत्याच बाजूने फेकलं की ती पेला त्याच्या हातात परत ठेवी, मग तो पाद्री का असेना.

त्या वर्षी घोळ झाला तो बुचांचा. आदल्या वर्षीच्या बाटल्यांपैकी तिसरा हिस्सा गळला होता. सेल्सोने दक्षिणेतल्या बूचवाल्याला पत्र लिहिलं, आणि त्यातली भाषा अशी की पोस्टमनने ते बंद होतं म्हणून देवाचे आभार मानावेत. उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी निम्मा देश ओलांडून एक धुळकट गाडी दारात येऊन थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरली. कासिल्दा तिचं नाव. चाळिशीची, उन्हाने रापलेली, हातांची कातडी खरखरीत. बुचांचा कारखाना बापाचा होता, आता तिचा होता. झाडाची साल काढण्यापासून बूच कापण्यापर्यंत सगळं तिला येत होतं.

सेल्सोचं भाषण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बाटल्या कुठे ठेवता ते दाखवा म्हणाली. चुलीमागच्या भिंतीशी ओळीने उभ्या बाटल्या पाहून तिने कपाळाला हात लावला. बूच ओलं राहिलं तर फुगून बसतं, बाटली उभी ठेवली की सुकतं आणि आकसतं, हे तिने त्याला शाळेतल्या बाईंसारखं सांगितलं. सेल्सो ऐकणाऱ्यातला नव्हता. शेवटी पैज लागली. तिच्या बुचांनी बारा बाटल्या बंद करायच्या, प्रत्येकीखाली कागद घालून आडव्या ठेवायच्या, आणि तीन दिवसांत कुठल्याही कागदावर एक डाग पडला तर यंदाची सगळी बुचं तिच्याकडून फुकट. तोवर तिने माडीवरच्या खोलीत राहायचं.

पहिल्या संध्याकाळी तिच्या हाती पेला आला आणि तिने तो तळापर्यंत रिकामा केला. गुत्ताभर हशा झाला. बाल्बिना मात्र हसली नाही, तिला हा गुन्हाच वाटायचा.

"बाई, तळातला घोट तुमचा नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचा?"

"कुणाचाच नाही. तो कड धुवायला. पुढच्याला तुमचे ओठ कशाला?"

कासिल्दाने पेला उजेडासमोर धरून पाहिला. त्यांच्याकडे ज्याचा त्याचा पेला असतो, त्यामुळे असलं काही कधी शिकावंच लागलं नाही, असं म्हणाली. मग तिने नीट दाखवून घेतलं आणि दुसऱ्या खेपेला बरोबर बाजूने फेकलं. बाल्बिनाने मान डोलावली, आणि आपण उगाच खूश झालोय हे तिचं तिलाच जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी बागेत गेल्या. एवारिस्तोची झाडं फुलांनी भरली होती. बाल्बिनाने वरचं घर दाखवलं, महिन्याभराने आपण तिथे असू म्हणाली. कासिल्दाने विचारलं, माणूस कसा आहे? फार चांगला, बाल्बिना म्हणाली, आणि त्याचा चांगुलपणा तिने मोजून दाखवला: दारू बेताची, आवाज खालचा, कुत्र्याला आधी जेवण.

"चांगला आहे हे कळलं. तुला आवडतो का?"

तुम्ही-तुम्ही करणारी बाई एकदम तू वर आली होती, आणि बाल्बिनाला त्याचा राग आला नाही. ती म्हणाली, या वयात असलं कोण विचारतं.

"मी विचारते. मला कुणी विचारलं नव्हतं."

ओतून ओतून बाल्बिनाचं उजवं मनगट कायम दुखायचं. ती ते सवयीने चोळत होती. कासिल्दाने ते आपल्या हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबत राहिली. बाल्बिनाला हात मागे घ्यावासा वाटला नाही. साधीच गोष्ट, पण एवारिस्तोने हात धरला की पहिल्या क्षणापासून ती तो कधी सुटतो याची वाट पाहायची, आणि आपण वाट पाहतोय हे तिला आजवर कळलंही नव्हतं. ती घाबरली. घाबरूनही झाडाखाली बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाटल्यांखालचे कागद काढले. सेल्सोने चष्मा लावून, गुडघ्यांवर बसून, एकेक कागद खिडकीशी नेऊन पाहिला. बाराच्या बारा कोरडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चारचौघांत चूक कबूल केली. निम्मीच केली, पण सेल्सोच्या मानाने ती पुष्कळ होती. मग त्यातली एक बाटली फोडायचं ठरलं. रिंगण झालं: सेल्सो, शेजारचे दोघे शेतकरी, कासिल्दा आणि तिच्यानंतर एवारिस्तो.

कासिल्दाची पाळी आली. ती प्यायली, तळाशी बरोबर घोटभर राखली, आणि पेला हातात फिरवून समोरच्या, कोरड्या बाजूने फेकली. जिथे तिचे ओठ लागले होते ती कड तशीच राहिली. मग तिने पेला बाल्बिनाच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाहिलं. बाकीचे बुचाकडे बघत होते, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? त्या कडेवर नजर ठेवणारी सगळ्या गावात एकच होती.

नेमाने तिने पेला परत द्यायला हवा होता. तिने बाटली उंच धरली, स्वतःसाठी ओतली, पेला फिरवला आणि नेमकी तीच कड ओठांना लावून प्यायली. पंचवीस वर्षांत धार पहिल्यांदाच पेला चुकून तिच्या बुटावर पडली होती. सेल्सो म्हणाला, म्हातारी झालीस.

पुढची पाळी एवारिस्तोची. तिने तळातला घोट त्याच कडेवरून फेकला, कड स्वच्छ धुतली, त्याच्यासाठी ओतून पेला त्याला दिला. देताना तिला कळलं की या माणसाला आपण पेला नेहमी असाच देत आलो, धुऊन, आणि तो तसा न धुता द्यावा असं मनात एकदाही आलं नाही. नाही म्हणायला कारण लागतं ना, तर ते हे होतं.

कासिल्दा उजेड असतानाच निघाली. बाल्बिना गाडीपर्यंत गेली.

"परत येईन म्हणत नाही," कासिल्दा म्हणाली. "तिकडे माझी म्हातारी आहे, माणसं आहेत. खोटं होईल."

"मग म्हणू नकोस."

दोघींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली. सेल्सो दारातून बघत होता. त्याला वाटलं, बायकांचा हा मायेचा पूर मोठा. गाडी वळणाआड गेली तेव्हा बाल्बिना रडली, पण त्या रडण्यात तक्रार नव्हती. कुणीतरी हातात काहीतरी ठेवून गेलं होतं, आणि ते तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बागेत गेली. एवारिस्तो शिडीवर होता. खाली ये म्हणाली, शिडीवरच्या माणसाला हे सांगता येणार नाही. तो उतरला. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं: लग्न होणार नाही.

"दुसरा कुणी आहे?"

"दुसरी होती. गेली. येणार नाही."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मग राहिलंच काय? ती तर गेली."

"तुझ्याबद्दल मला काय वाटत नाही ते मला कळलं, एवारिस्तो. ते लपवून तुझ्या घरात यायचं नाही."

तो शिडीच्या पायरीवर बसला. बाल्बिना शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. गावाच्या हसण्याचीही तिने तयारी केली होती. एवारिस्तोने वरच्या घराकडे हात केला.

"माझी बायको बावीस वर्षं या घरात राहिली," तो म्हणाला. "तिला मी नको होतो. हे मला ती गेल्यावर तिच्या बहिणीकडून कळलं. बावीस वर्षं मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय, पण काय ते कुणी सांगत नाही." त्याने नाक पुसलं. "तू सांगितलंस. तेही आधी. उपकार झाले तुझे."

बाल्बिना त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात तिने आपण होऊन धरला. तो सुटायची वाट तिने पाहिली नाही.

सेल्सो दीड महिना बोलला नाही, त्यामुळे गुत्त्यात जरा शांतता होती. एवारिस्तो आठवड्याभराने पुन्हा कोपऱ्यात येऊन उभा राहिला. बाटल्या आता आडव्या असतात.

पुढच्या वसंतात बुचांची पोती आली, गाडी आणि चालक दोन्ही परके. पावतीमागे कासिल्दाच्या हातची एकच ओळ होती: बुचांबद्दल काही तक्रार असल्यास कळवावे. चालक घाईत होता. बाल्बिनाने त्याला पेलाभर पाजली, कड धुवायला लावली, आणि तो तोंड पुसतो आहे तेवढ्यात त्याच्याबरोबर परत जाणाऱ्या त्याच कागदावर खाली लिहिलं: तक्रार काही नाही. आभारी आहे. रोज.