पाचवीच्या आधी

एक पोट, करंगळीच्या पेराएवढं. त्यावर सुरकुती.

बांधापलीकडून द्राक्षांवर मारलेल्या औषधाचा वास.

जाळीला अडकवलेलं जुनं पातळ, काठावर हळदीचं बोट.

टाळू… नाही, ते आत्ता नको.

तेजस्विनीनं पातळ बाजूला सारून सशाच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला होता. हे पातळ सासूबाईंचं, कुसाबाईंचं. मादी व्याली तसं त्यांनीच ते लावलं – बाळंतीण ती बाळंतीण, पाचवी पुजेपर्यंत तिच्यावर कुणाची नजर नको, हात तर नकोच. मादीनं स्वतःच्या छातीची लव उपटून केलेल्या उबेत पिलं एकमेकांत गुंतून पडली होती, उघडी, आंधळी. तेजस्विनी एकेक तळहातावर उताणं करून बघत होती – हे टम्म, कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतंय, हेही टम्म, आणि हे… हे सारखं वळवळतंय, पोट पाठीला टेकलेलं, कातडी अंगाला ढगळ झालेली, आणि गार – किती गार म्हणजे वाईट, ते तिच्या हाताला फार पूर्वीपासून माहीत होतं.

"वास लागंल तुझा. टाकून दील ती पिलं," मागून कुसाबाई म्हणाल्या.

"नाही टाकत, आत्याबाई. रोज माझ्याच हातचा पाला खाते."

"सुवेर हाय तिला. पाचवी तरी होऊ दे."

पाचवी होऊ दे – तिच्या बाळंतपणातही हेच, याच आवाजात. खोलीत शेगडी, दाराला घोंगडी, आणि मांडीवरची पोर रडत नव्हती. किती गुणाची, बायका म्हणत होत्या, आईला त्रास नाय. तेजस्विनी म्हणत होती, ती दूध ओढत नाही, टाळू बघा किती खोल गेलीय, दवाखान्यात नेऊ… पहिलटकरणीला सगळंच खोल दिसतं, कुसाबाई म्हणाल्या. दीपक, तिचा नवरा, अंबडच्या कारखान्यातून रजा काढून आलेला, उंबऱ्याबाहेरून म्हणाला, आई म्हणते तर थांबू. मी म्हणाले होते. मोठ्यानं म्हणाले होते. पाचवीचा पाटा मांडायची वेळ आली तेव्हा पुजायला पोर नव्हती.

तिनं पिलू पोलक्यात, छातीशी धरलं.

"सशाची सुईण झालीस का गं आता?"

"झाले. सटवीला नैवेद्य तुम्ही दाखवा. पोटं मी बघते."

पिलाला ऊब आली तशी तिनं मादीला मांडीवर उताणी घेतली. मादीनं पाय झाडला, तेजस्विनीच्या मनगटावर लाल रेघ उठली. तिनं पकड सोडली नाही. लव बाजूला करून पिलाचं तोंड आचळाशी नेलं. ते चुकलं, डोकं हलवत राहिलं, पुन्हा चुकलं…

कुसाबाई जवळ आल्या होत्या. जरा वाकल्याही.

"पितंय का?"

हा प्रश्न – दोन शब्दांचा, इतका सोपा – तिच्या पोरीच्या वाट्याला आला नव्हता. तेजस्विनीनं पिलाचं डोकं बोटानं सावरलं. उत्तर द्यायला ती बांधलेली नव्हती. मी अजून मोठ्यानं ओरडायला हवं होतं, हे रोजचं वाक्य मनात आलं आणि आज ते तिला खोटं वाटलं, दुसऱ्या कुणीतरी तिच्या तोंडी घातल्यासारखं. राग तेवढाच होता. फक्त तो आता तिच्या स्वतःकडे तोंड करून उभा नव्हता.

पिलाचे ओठ पुन्हा लवेत शिरले.

पोरीच्या त्या पाचही दिवसांत दीपकची गाडी अंगणात उभी होती, आणि टाकी भरलेली होती.