कपाचा कान

दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यात दोनच गोष्टींत मनापासून डोकं घातलं होतं. एक म्हणजे लोकांची तोंडं आणि दुसरी, जुन्या सोल संगीताच्या, म्हणजे जीव ओतून गायलेल्या गाण्यांच्या, रेकॉर्डी. तोंडांमुळे घर चालायचं आणि रेकॉर्डींमुळे घरात चालायला जागा उरायची नाही. हा विनोद त्यांच्या बायकोचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी तिला तो अजून शिळा वाटत नव्हता.

नवी रेकॉर्ड हाती आली की डॉक्टर ती लावायचे नाहीत, तपासायचे. आधी लेबलचा रंग, मग लेबलवरचा कंपनीचा पत्ता, मग पाकिटाचा कागद आणि सगळ्यात शेवटी, गाणं संपतं तिथपासून लेबलपर्यंतची ती गुळगुळीत पट्टी. त्या पट्टीत कारखान्यातल्या लोकांनी नंबर आणि खुणा टाकलेल्या असतात, आणि रेकॉर्ड पहिल्या छपाईची की नंतर पुन्हा काढलेली, ते त्यावरून कळतं. बाकीचे शौकीन भिंग घेऊन बसायचे. डॉक्टर खुर्चीवरचा दिवा खाली ओढून, कीड शोधायच्या बारीक आकड्याने त्या खुणा चाचपायचे. बाहेर पेशंट गाल धरून कण्हत असायचे.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे कप. एका गायिकेची एकच छोटी रेकॉर्ड निघाली होती, नंतर ती बाई कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांच्या प्रतीवर, लेबलला खेटून, नखाएवढा एक कप होता. नुसता कप नाही, डाव्या बाजूला कान असलेला. आणि त्याच प्रतीवर, दुसऱ्या कडव्यात, गायिकेचा आवाज मध्येच अडखळायचा. हुंदका. बाकी कुणाच्याही प्रतीत कप नव्हता आणि हुंदकाही नव्हता.

यावरून डॉक्टरांनी असा सिद्धांत मांडला होता की, कप ही मूळ तबकडी कोरणाऱ्या इंजिनिअरची सही, म्हणून कपवाली रेकॉर्ड पहिल्या छपाईची. हुंदका खरा, आणि कंपनीच्या अरसिक लोकांनी तो पुढच्या छपाईत पुसून टाकला. यावर त्यांनी अकरा पानं लिहिली होती. कपाचा कान डावीकडे, त्याअर्थी इंजिनिअर डावखुरा, हे सिद्ध करण्यात त्यातलं दीड पान खर्ची पडलं होतं.

पण खरं सांगायचं तर, जीव कपात नव्हता, हुंदक्यात होता. वडील गेले तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नातेवाईक काय ते समजले. आठ दिवसांनी ही रेकॉर्ड लावली, दुसरं कडवं आलं, आणि डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आडवे पडून ढसाढसा रडले. तेव्हापासून त्या रेकॉर्डला कुणी नंतरची म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि तसं म्हणणारा एक होताच. वकील. त्यांच्याकडे त्याच रेकॉर्डची बिनकपाची प्रत होती, आणि तीच पहिली, कपवाली म्हणजे तिसऱ्या वेळचा भिकार माल, असं ते दर बैठकीत ठासून सांगायचे. सात शौकिनांचं मंडळ होतं. मंडळाची यादी आता पुस्तक म्हणून छापायला जायची होती, आणि पहिल्या पानावर दोघांपैकी कुणाची प्रत लागणार याचा निकाल येत्या रविवारी लागणार होता. डॉक्टर हरले तर अकरा पानं केराच्या टोपलीत, आणि हुंदक्याचं काय होणार याचा तर त्यांना विचारही करवत नव्हता.

अशा आठवड्यात, मंगळवारी, एक आजी कवळी करून घ्यायला आल्या. ऐंशीच्या घरातल्या, तोंडाचं पार बोळकं, पण कान एकदम तिखट. बाहेर नळ गळतोय हे त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगितलं.

डॉक्टरांनी मापाच्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला आणि तो त्यांच्या तोंडात दाबून धरला. "आजी, चार मिनिटं हलायचं नाही. नाकाने श्वास घ्या."

समोर चार मिनिटं न बोलणारं माणूस! अशी संधी डॉक्टर सोडतात होय? रेकॉर्ड टेबलावरच होती. एका हाताने ट्रे धरून त्यांनी दुसऱ्या हाताने ती दिव्याखाली आणली आणि कप दाखवला.

"अं!" आजी म्हणाल्या.

"हो ना? मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. ही इंजिनिअरची सही बरं का."

"अं अं! अंऽऽ!"

"मळमळतंय? नाकाने, नाकाने. तर हा इंजिनिअर डावखुरा होता..."

आजींनी खुर्चीच्या हातावर अशा काही थापा मारल्या की डॉक्टरांना वाटलं, संगीताची आवड म्हणतात ती हीच. ट्रे बाहेर आला आणि आजींनी दम न घेता सांगितलं, "कप नव्हे हो तो! माझा कान आहे!"

दात नसलेल्या तोंडातून पुढची हकीकत बाहेर यायला दहा मिनिटं लागली. आजी रेकॉर्डच्या कारखान्यात होत्या. बारा बायकांचं काम एकच, ऐकणं. रेकॉर्ड ज्या धातूच्या साच्याने दाबतात, त्या प्रत्येक साच्याचा नमुना त्यांनी ऐकायचा. खोट सापडली की साच्यावर सुईने खूण करायची, म्हणजे तो वितळवायला जाईल. प्रत्येकीची खूण वेगळी. या आजींची खूण म्हणजे कान.

"आणि हा वाडगा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हनुवटी. खाली हनुवटी, बाजूला कान. अख्खं तोंड काढायला वेळ कुठे होता?"

"पण कान डावीकडे..."

"साच्यावर उजवीकडे काढला की रेकॉर्डवर डावीकडे उठतो. तुम्ही रोज साचे काढता, तुम्हाला मी काय सांगायचं?"

डॉक्टरांच्या हातात आजींच्या हिरड्यांचा साचा होता. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे, खोलगट ते उठून आलेलं. कपाची रेघ रेकॉर्डवर उठावाची आहे, हे त्यांच्या आकड्याला वीस वर्षं लागत होतं. त्यावर त्यांनी 'इंजिनिअरचं खास हत्यार' असा एक परिच्छेद लिहिला होता.

"आणि हुंदका?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"कसला हुंदका? फोड आला होता साच्यावर. पुळी म्हणा. तिथे सुई ठेचकाळते. मी बाद केला होता तो. पुढे कंपनीने तिसऱ्यांदा रेकॉर्ड काढली, तेव्हा एका नव्या माणसाने तोच चढवला. पहिल्या छपाईची निळी लेबलं उरली होती, तीच लावली. आम्ही बोंब मारली तेव्हा मशीन थांबलं." आजींनी तोंड पुसलं. "हेच सांगायला वकीलसाहेबांनी रविवारी बोलावलंय. अशी गेले तर म्हणतील, म्हातारी काय बरळते. शनिवारी मिळेल ना कवळी?"

"शनिवारी," डॉक्टर म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, पण शब्द त्यांचाच होता.

त्या रात्री जेवताना त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. कवळी उशिरा देता आली असती. त्याहून सोपं म्हणजे वरचे पुढचे दात किंचित पुढे बसवायचे. मग प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते. सात माणसांसमोर साक्षीदार शिट्ट्या मारायला लागला तर साक्ष कोण ऐकणार? हसून हसून मरतील सगळे. कुणाला कळणारही नव्हतं.

दवाखान्याच्या वेळा बायको सांभाळायची. "आजींची कवळी शनिवारी ना?" तिने विचारलं.

"बघू. लॅबवाला..."

"लॅबवाला तुम्हीच आहात."

मग डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. तिने पाणी ओतलं, प्यायली, आणि म्हणाली, "मला तर तो हुंदका कधी वाटलाच नाही. मला वाटायचं बाईला उचकी लागलीय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मामंजी गेले होते. तुम्ही पहिल्यांदा रडत होतात. उचकी आहे म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?"

डॉक्टरांनी ताट पुढे सारलं. राग कुणाचा येतोय तेच त्यांना समजेना.

गुरुवारी आजी मेणात बसवलेले दात घालून पाहायला आल्या. असे दात बसवताना उच्चार तपासायचा असतो. "म्हणा, सहासष्ट, सदुसष्ट," डॉक्टर म्हणाले.

"साचा सदोष," आजी म्हणाल्या. "सगळा साचा सदोष."

बारीक शिट्टी वाजली. डॉक्टरांनी ती मुद्दाम वाजवली नव्हती, आपसूक आली होती. नशिबाने हातात आणून दिलेली शिट्टी.

"वाजतेय," आजी म्हणाल्या.

"नाही वाजत फारशी. सवय होईल."

आजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आणि डॉक्टरांना स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून वाईट कवळी गेली नव्हती. "वाजतेय," त्यांनी कबूल केलं, आणि दात काढून मेण तापवलं. केसभर मागे. पुन्हा 'साचा सदोष'. अजून केसभर. स्वतःच्याच पराभवाची ही घोकंपट्टी डॉक्टरांनी आजींकडून सात वेळा करून घेतली. सातव्यांदा 'स' असा स्वच्छ आला की आजींनी मान डोलावली.

रविवारी वकिलांच्या ऑफिसात, फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये मंडळ बसलं. आजी उभ्या राहून बोलल्या. एकही अक्षर घसरलं नाही, शेवटच्या खुर्चीपर्यंत कान, हनुवटी, फोड, सगळं लख्ख पोचलं. कुणीतरी डावखुऱ्या इंजिनिअरची आठवण काढली आणि खोलीत हशा पिकला. डॉक्टरही हसले, कारण न हसणं अधिक वाईट दिसलं असतं.

मग वकिलांनी पुरावा म्हणून कपवाली रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं. डॉक्टरांना आता माहीत होतं, फोड आहे. पुळी. सुई ठेचकाळणार आणि पुढे जाणार. सुई ठेचकाळली, आणि त्यांना त्या दिवसासारखाच हुंदका ऐकू आला. बाबा, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी उघडपणे रुमाल काढून डोळे पुसले.

वकील माणूस वाईट नव्हता. त्यांनी सुई उचलली आणि पेन हातात घेऊन यादी पुढे ओढली. "कपवाली प्रत. तिसरी छपाई," ते पुटपुटले. "दुसऱ्या कडव्यापुढे काय लिहू, डॉक्टर? तुम्ही सांगाल ते लिहितो."

"फोड लिहा," डॉक्टर म्हणाले.

वकिलांनी लिहिलं. मग सवयीने विचारलं, "साक्षीदाराची उलटतपासणी करायचीय?"

डॉक्टर उठले. सगळ्यांनी खुर्च्या सरकवल्या. वीस वर्षं भांडणारा माणूस, आता काहीतरी काढणारच.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "कवळी कुठे टोचतेय का?"

आजींनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. सावकाश, एकही जागा न सोडता. "डावीकडे. वरच्या दाढेपाशी. मघापासून टोचतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलतच होते ना!"

"उद्या दहाला या," डॉक्टर म्हणाले. "घासून देतो."