वहिनी कादंबरीत नव्हत्या

श्रावणात खानदेशातला कानबाईचा सण आला की देवचंद सरांना धुळ्यात कॉलेजचं हमखास काम निघायचं. यंदा तर काम चालूनच आलं. नेमक्या कानबाईच्या रविवारी जळगावला चर्चासत्र. विषय असा, की एका नव्या कादंबरीतला नायक घराच्या फाटकापर्यंत येऊन दरवेळी माघारी का फिरतो. सरांनी मनोविश्लेषणाची सगळी हत्यारं पाजळली. नेणीव, दमन, मेलेल्या बापाचं भय. बिचाऱ्या नायकाचं पार भरीत करून टाकलं.

तसं सरांचंही एक फाटक होतं, चोपड्याला. तीन वर्षांपूर्वी कानबाईलाच थोरल्या भावाशी, बन्सीलालशी, वाजलं होतं. भाऊ म्हणाले, "प्राध्यापक झाला, आता वर्षातून एकदा तोंड दाखवतो." सर ताटावरून उठले आणि म्हणाले, "तुमचे रोट तुम्हीच खा." आता रोट म्हणजे काही रोजची पोळी नव्हे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्याचे गोड रोट भाऊबंदांतच संपवायचे. परक्याला कणही द्यायचा नाही. तिथे असं बोलणं म्हणजे नातंच तोडणं. सरांना ते रोज बोचायचं, पण जायचं कुठल्या तोंडाने?

निबंध झकास झाला. मग मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारलं, "पण सर, त्याला एवढी कसली भीती वाटते?"

सर तडफेने म्हणाले, "सोपं आहे. वहिनी दारात उभ्या असणार. त्यांना काय सांगायचं?"

"कादंबरीत वहिनी कुठे आहे, सर?" बाई म्हणाल्या, आणि असा हशा पिकला म्हणता! सर आधी कानकोंडे झाले, मग स्वतःच हसत सुटले. दुसऱ्याची नेणीव उकरता उकरता स्वतःचीच चारचौघांत उघडी पडली होती. चहालाही न थांबता त्यांनी चोपड्याची एसटी धरली.

दिवेलागणीला फाटकाशी पोचले आणि पाय अडलेच. द्रौपदाबाई वहिनी खरंच दारात उभ्या होत्या. काही न विचारता त्यांनी भाऊंच्या शेजारी पाट मांडला, ताट वाढलं.

"वहिनी, माझ्या नावाचे गहू काढले होते?"

"दरसाल काढतस," त्या म्हणाल्या. "दोन साल तुना वाटाना रोट तुना भाऊनीच खादात. डॉक्टरनी गोड बंद करेल शे, तरी. आते तुना तू खाय."

भाऊ मान खाली घालून जेवत राहिले. सर पाटावर बसले आणि पहिल्याच घासाला रडू लागले.