थंड खोलीतली मुलाखत

त्या सालचं सोलापूरचं ऊन असं, की सिद्धेश्वराच्या तळ्यातले मासे दुपारी काठाला येऊन कुणी छत्री धरतं का बघायचे. अशा मे महिन्यात अख्ख्या शहरात थंड खोली एकच. एका मिलनं कॉम्प्युटर आणला होता, आणि त्या लाडोबाला उकाडा सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला एअरकंडिशनर बसवला होता. आता त्याला हुकूम लिहून देणारा प्रोग्रॅमर तेवढा हवा होता. मुलाखतही त्याच खोलीत.

कुंभारीचा मायाप्पा हे काम पुण्यात शिकून आलेला. सकाळपासून तो खुर्चीत अवघडून बसला होता. बाहेर लिंबाखाली त्याचा मामा बिरप्पा डोक्यावर घोंगडी घेऊन उभा. मामानं बजावलं होतं, "दिस मावळायच्या आत नोकरी झाली तर माझ्या पोरीची, फुलाची, सुपारी तुझ्याशी फोडतो. न्हायतर वैरागचं पावणं घरात बसल्यात, त्यास्नी शब्द देतो."

समोर मॅनेजर सिद्रामप्पा आणि दोन डायरेक्टर. कामाचे प्रश्न केव्हाच संपले होते.

"गाव कुठलं म्हणालात?" डायरेक्टर वीरभद्रप्पांनी पुन्हा विचारलं.

"कुंभारी, साहेब."

"तिकडं विहिरींना पाणी कसं आहे?"

खिडकीतलं ऊन तिरपं झालं. मायाप्पा खुर्चीच्या कडेला सरकला. "साहेब, माझं काही ठरलं का?"

"ठरेल की! अजून तुमच्या आजोबांचं विचारायचंय," म्हणत सिद्रामप्पांनी आणखी चहा मागवला.

तेव्हा कुठं मायाप्पाच्या डोक्यात उजेड पडला. नेमणूक झाली की मुलाखत संपणार, आणि मुलाखत संपली की या तिघांना बाहेरच्या भट्टीत जावं लागणार. पाऊस पडेपर्यंत हे त्याला सोडत नव्हते.

धाडकन दार उघडलं. बिरप्पा! तापलेल्या तव्यासारखा लाल.

"काय चाललंय हितं? दिस कलला! पोराला एकदा व्हय म्हना, न्हायतर..." पुढचं तोंडातच राहिलं. गार झुळूक लागली आणि मामाचे डोळे अर्धे मिटले. "आई गं! हितं तर माघ महिना हाय की!" घोंगडी अंथरून तो कॉम्प्युटरला टेकून बसला. "चालू द्या साहेब. सावकाश इचारा."

"मामा! वैरागचं पावणं?"

"बसत्यात की. तू नीट उत्तरं दे."

मायाप्पा उठला. भिंतीजवळ गेला आणि एअरकंडिशनरचा मोठा खटका खाली ओढला. घरघर थांबली. बघता बघता सिद्रामप्पांच्या टकलावरून घाम असा ओघळला, की खालचा कप भरून चहा बशीत सांडला.

"हे काय करताय?"

"नेमणुकीवर सही करा साहेब, मग चालू करतो."

"दांडगाई! वॉचमनला बोलावून हाकलून देईन!"

"द्या. पण बाहेर हाक मारायला तुम्हीच जा."

बोलला खरा, पण सिद्रामप्पा खरंच उठले असते, तर नोकरी गेली आणि फुलाही गेली. सिद्रामप्पांनी दाराकडं पाहिलं. दाराबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. वीरभद्रप्पा कॉलर सैल करत कळवळले, "अहो, करा की सही!"

सही झाली. मायाप्पा मामाकडं वळला. "आता सुपारी."

"घरी जाऊन फोडू की रं."

"हितंच, मामा."

चंचीतून सुपारी निघाली, साहेबांच्या पेपरवेटनं फुटली. खटका वर गेला. गारवा आला तसे चौघांनी पाय पसरले.

"बरं झालं," सिद्रामप्पा खुर्चीत रेलले. "आता राहिलं पगाराचं. ते निवांत बोलू."

"व्हय व्हय," घोंगडीवर आडवा होत मामा म्हणाला, "पगाराचं घाईनं बोलू नये."

मायाप्पाचा हात पुन्हा खटक्याकडं गेला.