तेराचं एव्हरेज

आमचा एल्डन एकदा हट्टाला पेटला की त्याच्यापुढे डोकं आपटून काही उपयोग नसतो. मी त्याची धाकटी बहीण, जन्मभर आपटत आलेय.

त्याच्या बायकोच्या, मर्नाच्या, किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून तीनदा बिलिंग्ज शहरात यायचं आणि मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. जायला शंभर मैल, यायला शंभर. दारात गाडी कुठली, तर गुरांचा ट्रेलर ओढायला घेतलेला जुनाट पिकअप. आठ सिलिंडरचं धूड, गॅलनला नऊ मैल. तो पेट्रोल पितो म्हणणं चुकीचं, ढोसतो. आणि गंजलेला इतका की विकायला काढला तरी कुणी फुकट नेणार नाही.

लेक शेरिल बिलिंग्जलाच राहते. तिने सरळ सांगितलं, तुमची पेन्शन या गाडीच्या घशात जाणार, त्यापेक्षा आईला माझ्याकडे आणा. पोरगी वाईट नाही. पण मर्नाचं तोंड एवढंसं झालं. ज्या खिडकीशी उभं राहून तिने सगळा संसार केला, ती सोडून तिला शेरिलच्या दुसऱ्या मजल्यावर मरायचं नव्हतं. हे तिने मला याच शब्दांत सांगितलं होतं.

एल्डन लेकीला म्हणाला, "थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत थांब. गाडीने तेराचं एव्हरेज दिलं तर आई इथेच राहील. नाही दिलं तर तू ने."

शेरिल बापाच्याच वळणावर गेलेली. कबूल झाली.

झालं, एल्डनचा मुक्काम गाडीखाली हलला. प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला, एक ब्रेक चाकाला घासत होता तो सोडवला, टायरांत दगडासारखी हवा भरली. डॅशबोर्डवर एक काट्याचं मीटर बसवलं. ॲक्सिलरेटर जास्त दाबला, पेट्रोल जास्त गेलं की काटा खाली यायचा. मर्ना शेजारी बसून त्या काट्यावर डोळा ठेवायची आणि काटा पडला की नवऱ्याच्या मांडीवर चापट मारायची. पंचेचाळीसच्या वर गाडी जायची नाही. मागे ट्रकांची रांग लागायची, लोक हॉर्न मारून शिव्या घालायचे, आणि ही दोघं आपली लग्नाच्या वरातीत बसल्यासारखी खुशाल चाललेली. एकदा मीही त्यांच्यासोबत गेले होते. मशीनवरून उठलेली बाई, चेहरा पांढराफटक, पण काटा पडला की लगेच चापट.

एव्हरेज अकरावर आलं, साडेअकरावर आलं, आणि तिथेच अडून बसलं. मग एल्डनने ओझं काढायला घेतलं. हत्यारांची पेटी गेली, स्टेपनी गेली. मागचा फाळकाही उतरवून गोठ्याला टेकवून ठेवला, म्हणे वारा आरपार जातो. आमच्याकडचे निम्मे पुरुष असंच मानतात. मला विचाराल तर वारा त्यांच्या डोक्यातून आरपार जातो.

ऑक्टोबर लागला. आमच्याकडे ऑक्टोबर लागला की पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, वाळूची पोती टाकायची. त्यात सांगायचं-विचारायचं काही नसतं. रिकामा हौदा बर्फावर कसा फिरतो ते इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. एल्डनने पोती टाकली नाहीत.

मी त्याच्या अंगणात जाऊन ओरडले. डोकं ठिकाणावर आहे का म्हणून विचारलं. तो म्हणाला, फाळका नाही तर पोती राहणार कशी, आणि तेवढं ओझं ओढायचं म्हणजे एव्हरेजचा अर्धा मैल गेला. मी दारात उभ्या मर्नाकडे पाहिलं. म्हटलं ही तरी त्याचे कान उपटेल.

"अर्धा मैल म्हणजे अर्धा मैल, डॉट," मर्ना म्हणाली. "आता नको गं अडवू त्याला."

मी आपली घरी निघून आले.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात, सकाळी बारीक बर्फ भुरभुरलं होतं. नाल्याच्या उतारावर गाडीने मागचं अंग टाकलं आणि घसरत खाली मोरीला जाऊन बसली. एल्डनला खरचटलंही नाही. मर्नाचा खुबा मोडला. बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत तो आपला कोट तिच्यावर घालून, तिचे हात चोळत बसला होता.

तो तिच्यासोबत बिलिंग्जच्या हॉस्पिटलात गेला, आणि गाडी ओढून आणायचं माझ्याकडे आलं. टाकी शाबूत होती. मी गाडी ओढत पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरली, मागच्या वेळी भरल्यापासूनचे मैल पाहिले, भागाकार केला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. तेरा, आणि वर थोडंसं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मर्नाच्या कानात सांगितलं. ती हसली. औषधाच्या गुंगीतही हसली. "बघ, दिलंच की नाही," म्हणाली. मग माझं मनगट घट्ट धरलं. "एल्डनला मात्र सांगू नकोस. तो जिवाला लावून घेईल."

ती घरी आलीच नाही. तुटलेल्या खुब्याने शंभर मैल हादरत कोण नेणार? शेरिलने नेलं, आणि कुणी वादही घातला नाही. मे महिन्यात, त्याच दुसऱ्या मजल्यावर, मर्ना गेली.

तिला इथल्या दफनभूमीत आणायचं होतं. शववाहिनी एल्डनने नाकारली, दुरुस्त केलेल्या पिकअपमधूनच आणणार म्हणाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गेले तर फाळका परत बसवलेला, आणि हा हौद्यात चढून वाळूची पोती लावत होता. शवपेटीला मधे जागा ठेवून, दोन्ही बाजूंना.

"अरे, मे महिना आहे," मी म्हटलं.

"तिला नीट आणायचंय."

येताना मीच त्याच्या शेजारी बसले होते, मर्नाच्या जागेवर. काटा खाली पडत होता, त्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. वाटेत पेट्रोल घ्यावं लागलं. टाकी भरून तो आत बसला, पण किल्ली फिरवेना. समोर बघत म्हणाला, "त्या दिवशी गाडी आणल्यावर टाकी तूच भरलीस ना? किती दिलं होतं?"

"अकरा," मी म्हटलं. "तेही जेमतेम."

त्याने श्वास सोडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडलेले दिसले.

"मग तिला शेरिलकडे न्यावंच लागलं असतं," तो म्हणाला.

"न्यावंच लागलं असतं."

त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.