जयंतीचा उरलेला रंग

रंग निळा होता, एवढीच चूक. पिवळा असता, हिरवा असता, तर कुणी ब्र काढला नसता. पण विहाराच्या मागच्या खोलीत जयंतीच्या रंगकामातून उरलेला डबा होता तो निळाच, आणि फुकटचा रंग कोण सोडतं?

एकोणीस साली पंचगंगेचं पाणी वस्तीत आलं आणि आठवडाभर ठाण मांडून बसलं. ते ओसरल्यावर पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी बुटाला चिखल लागू नये म्हणून सडकेवरूनच बघितलं आणि 'अडीच फूट पाणी' असं लिहून टाकलं. भिंतीवरचा डाग तर उभ्या माणसाच्या डोक्याला लागत होता. अंजनाच्या अंगाचा तिळपापड झाला. बारावी शिकलेली बाई ती, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, वस्तीचे सगळे अर्ज तिच्याच हातचे. तिनं बायका गोळा केल्या आणि चाळीसच्या चाळीस घरांवर, डाग होता तिथूनच, एक रेघ ओढली. पुढच्या वेळी साहेब सडकेवर उभा राहिला तरी त्याला दिसेल, असं तिचं म्हणणं.

त्या रेघेचा वस्तीला दुसराही उपयोग झाला. पाणी चढायला लागलं की लोक रेघ बघायचे. चार हात खाली असेपर्यंत भांडी बांधायची, तीन हात राहिलं की म्हातारी माणसं बाहेर काढायची. झुंबरबाईला तिसराही उपयोग होता. तिचा नवरा पिराजी त्या पुरात शेळी सोडायला मागं फिरला होता आणि चौथ्या दिवशी आपल्याच परड्यात सापडला. रोज झाडलोट झाली की म्हातारी हात वर करून रेघेला लावायची आणि मग चूल पेटवायची. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात चुकत नसे.

वस्तीची मागणी आभाळातली नव्हती. वरच्या माळाच्या गायरानात घरापुरती जागा द्या, बास. त्यासाठी बायका पाच वर्षं मोर्चे काढत होत्या. शेजारच्या अकरा गावांतल्या पूरग्रस्त बायकाही त्यांना येऊन मिळाल्या होत्या. चोवीस साली पाणी पुन्हा रेघेजवळ आलं, भिंती खचल्या, तेव्हा अंजनानं नवा अर्ज केला. वस्तीत सगळे बोलायचे तसंच तिनं लिहिलं: 'आमची चाळीसही घरे निळ्या रेषेखाली आहेत.' खाली चाळीस सह्या आणि अंगठे.

चार महिन्यांनी उत्तर आलं. सरकारी भाषेत निळी रेषा म्हणजे भलतंच प्रकरण निघालं. ती नकाशावर असते, नदीच्या दोन्ही अंगांनी, आणि तिच्या आत बांधकामाला बंदी असते. 'अर्जदारांनी स्वतःच मान्य केल्यानुसार' ही घरं बंदीच्या जागेत, म्हणून पडझडीची मदत नामंजूर, घरं स्वखर्चानं काढून घ्यावीत. आणि गायरान? ते एका सौरऊर्जेच्या कंपनीला देऊन झालं होतं. हवामान सुधारायचंय म्हणे. ज्या बायकांनी जन्मात पंख्यापलीकडं काही चालवलं नाही, त्यांनाच त्या सुधारणेसाठी जागा सोडायला लागली.

अंजना कागद घेऊन कचेरीत गेली. टेबलापलीकडचा कारकून वाईट नव्हता, चहासुद्धा विचारला त्यानं. नकाशा पसरून त्यानं बोट ठेवलं.

"ताई, नकाशात तुमची वस्ती रेषेच्या भाईर हाय. तुमीच आत घातलीसा. लिवून द्या, ती रेघ पुराची न्हवं, जयंतीची सजावट हाय. भिंतींला चुना मारा, फोटो आणा. पावसाच्या पडझडीत धरून दुरुस्तीला मदत मिळंल."

विहारात बैठक बसली. कॉलेजात शिकणारी निशा ताडकन म्हणाली, की पूर येत नाही असं आपणच लिहून दिलं, तर उद्या माळावरची जागा कुठल्या तोंडानं मागायची? तिचं खरं होतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं. पण पावसाला दीड महिना होता आणि झुंबरबाईची मागची भिंत दोन बांबूंवर उभी होती. कुणी हो म्हणालं नाही. सगळे अंजनाकडं बघत राहिले, म्हणजे तेच झालं.

तिनं लिहिलं. 'जयंतीची सजावट' हे शब्द लिहिताना तिला स्वतःची अशी लाज वाटली, की तिनं तो कागद नवऱ्यालाही दाखवला नाही. बाबासाहेबांच्या नावानं आलेला रंग, आणि त्याच्याच आडून खोटं.

एकोणचाळीस घरं चुन्यानं पांढरी झाली. शेवटी ती बादली घेऊन झुंबरबाईच्या दारात उभी राहिली. म्हातारी भिंतीपासून बाजूला झाली.

"पुस की. पर अंजे, पाणी आलंच न्हाय म्हटल्यावर माजा दाल्ला कशानं मेला म्हून लिवलंस?"

पिराजीबद्दल अंजनानं काहीच लिहिलं नव्हतं, फॉर्मात तसा रकानाच नव्हता. तिनं ब्रश बुडवला.

मदत मंजूर झाली. आदेशात ठळक छापलं होतं, 'आहे त्याच जागी'. झुंबरबाईची मागची भिंत झालीच, आणि गवंड्यानं पुढची, रेघ होती ती पोकळ झालेली भिंतही पाडून नव्या विटांत बांधली. जूनमध्ये वरून पांढरा रंग लागला. घर बघणाऱ्याला छान वाटावं असं झालं.

जुलैच्या शेवटी धरणाचे दरवाजे उघडले. सकाळी पाणी परड्यात होतं, दहाच्या सुमाराला पायरीला लागलं. अंजना धावत आली तेव्हा झुंबरबाई गाठोडं पायाशी ठेवून नव्या भिंतीवर तळहात फिरवत होती, वर, खाली, परत वर.

"अंजे, रेघ कुठं हुती गं? अजून किती हात हाय?"

अंजनानं भिंतीवर बोट टेकवलं. मग ते वीतभर वर नेलं. मग खाली आणलं. चाळीस घरांवर तिनं स्वतःच्या हातानं ओढलेली रेघ, आणि आता तिला ती सापडत नव्हती.